दिंडी उघडी, ओसरीवर आजोबा

मे महिना जवळ आला की पुण्या-मुंबईच्या बऱ्याच घरांत हा संवाद कानावर पडतो. "सिंगापूरला जातोच आहोत, तर एक दिवस पलीकडे मलेशियातही जाऊन येऊ. तिथे आता व्हिसा लागत नाही." "मग काय लागतं?" "काही नाही. बसमध्ये बसायचं आणि पूल ओलांडायचा."

पूल खरोखरच लहान आहे. सिंगापूरचं वुडलँड्स आणि मलेशियाचं जोहोर बाहरू यांच्यामधल्या सामुद्रधुनीत १९२४ साली दगडांचा भराव घालून रस्ता केला, त्याची लांबी जेमतेम एक किलोमीटर. तिथले लोक त्याला कॉजवे म्हणतात.

समजा, या कुटुंबात एक मावशी आहेत. सिंगापूरला उतरल्या त्या दिवशी त्यांच्या पासपोर्टची मुदत संपायला सहा महिने आणि चार दिवस होते. काही अडलं नाही. सहाव्या दिवशी त्या कॉजवे ओलांडून जोहोर बाहरूच्या काउंटरवर उभ्या राहतात, अधिकारी पासपोर्ट चाळतो आणि परत करतो. प्रवेश नाही. व्हिसा लागत नाही, पर्समध्ये पैसे आहेत, संध्याकाळी परतायचंच आहे, पासपोर्टही जिवंत आहे. मग अडलं कुठे?

मावशींच्या पासपोर्टला त्या दिवशी सहा महिन्यांना एक दिवस कमी होता. उत्तर एवढंच. पण ज्या देशात जायला व्हिसाच लागत नाही तो देश महिने आणि दिवस का मोजत बसतो, हा प्रश्न उरतोच.

वाड्यात शिरताना

जुन्या वाड्यात जायचं तर आधी दिंडी दरवाजा लागायचा. दिंडीवर राखणदार असला की तो आधी निरोप आत पाठवायचा आणि होकार आला की पाहुण्याला सोडायचा. व्हिसा हे त्या राखणदाराचं काम. तुम्ही घरून निघण्याआधीच, दूतावासात किंवा ऑनलाइन, कुणीतरी तुमची कागदपत्रं बघतं आणि 'दारापर्यंत या' असं सांगतं. फक्त दारापर्यंत. व्हिसा म्हणजे आत शिरण्याचा हक्क, असं आपण धरून चालतो, पण कुठल्याही देशात खरा निर्णय होतो तो विमानतळावरच्या किंवा नाक्यावरच्या काउंटरपाशी. दिंडीतून आत आलेल्या पाहुण्यालाही ओसरीवरचे आजोबा हटकायचेच. कोण रे? कुणाकडे? किती दिवस?

व्हिसामुक्त प्रवेश म्हणजे दिंडीवरचा राखणदार काढला. आजोबा ओसरीवरच आहेत. उलट आधी कुणीच चौकशी केलेली नसल्यामुळे आता सगळे प्रश्न त्यांनाच विचारावे लागतात, आणि तेही रांगेतल्या दोन-तीन मिनिटांत. व्हिसा असलेल्या प्रवाशापेक्षा व्हिसामुक्त प्रवाशाने कागद अधिक नीट ठेवायला हवेत, असं मी म्हणतो ते यामुळे. ऐकायला उलटं वाटतं, पण हिशेब सरळ आहे.

मलेशियाने भारतीयांसाठी हा दरवाजा १ डिसेंबर २०२३ पासून उघडला. पंतप्रधान अन्वर इब्राहिम यांनी घोषणा केली तेव्हा भारत आणि चीन या दोन्ही देशांची नावं एका दमात घेतली होती. पुढचा प्रवास मात्र वेगवेगळा झाला. चीनने मलेशियाशी परस्परांचा करार केला, तो जुलै २०२५ मध्ये लागू झाला. भारतीयांना मिळालेली सवलत मलेशियाने स्वतःहून दिलेली आहे, आणि वाढवलेल्या मुदतीप्रमाणे ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. करारातून बाहेर पडायचं तर समोरच्याला रीतसर कळवावं लागतं, सवलत देणारा ती एकटा मागे घेऊ शकतो. म्हणून 'गेल्या वर्षी शेजारचे गेले होते' हा पुरावा धरू नये. तिकीट काढण्याच्या आठवड्यात मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याचं संकेतस्थळ उघडून पाहावं.

एक बस, तीन पासपोर्ट

वुडलँड्समार्गे जाणाऱ्या १७० क्रमांकाच्या बसमध्ये सकाळी चढलात तर शेजारच्या सीटवर कुणीही असू शकतं. एक जण रात्रपाळी संपवून घरी निघालेला मलेशियन कामगार. त्याच्यासाठी हा परदेशप्रवास नाहीच, तो स्वतःच्या देशात परततो आहे आणि त्याला कुणी अडवू शकत नाही. दुसरी सिंगापूरची नागरिक. तिला व्हिसा लागत नाही, आणि आपल्याला भरावा लागणारा ऑनलाइन फॉर्मही लागत नाही. तिसरे आपण, निळसर पासपोर्टवाले. आपल्यालाही व्हिसा लागत नाही, पण फॉर्म लागतो, परतीचा पुरावा लागतो आणि मुक्काम ३० दिवसांच्या आत आटपावा लागतो. तिघांसाठी शब्द एकच, 'व्हिसा नको', आणि अर्थ तीन.

सिंगापुरात वर्षानुवर्षं राहिलेली मराठी मंडळीही इथे चकतात. सिंगापूरचं कायम रहिवासीपण, म्हणजे पीआर, हातात असलं की आपण सिंगापूरकरच, असं वाटायला लागतं. कॉजवेच्या पलीकडचं काउंटर तुम्ही कुठे राहता हे विचारत नाही, पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे हे बघतं. पीआर असलेल्या भारतीयालाही भारतीयाचाच नियम लागू.

गंमत अशी, की हे काउंटर फार जुनं नाही. १९६३ ते १९६५ या काळात सिंगापूर मलेशियाचाच भाग होतं. ९ ऑगस्ट १९६५ ला दोन्ही वेगळे झाले, तरी कॉजवेवर पासपोर्ट तपासणी सुरू व्हायला १९६७ साल उजाडलं. भाऊ वेगळे झाले की स्वयंपाकघरं लगेच वेगळी होतात, मधल्या दाराला कडी लागायला थोडा वेळ जातो.

सहा महिन्यांचं कोडं

आता मावशींकडे परत येऊ. एका दिवसासाठी जाणाऱ्या बाईच्या पासपोर्टला सहा महिन्यांची मुदत कशाला हवी?

पासपोर्ट हे आपण ओळखपत्र समजतो. त्याचं दुसरं काम आपल्या लक्षात येत नाही. पासपोर्ट म्हणजे एका देशाने दुसऱ्याला दिलेली हमी आहे, की हा माणूस आमचा आहे आणि तुम्ही परत पाठवलात तर आम्ही घेऊ. पाहुण्याला घरात घेताना यजमान मनातल्या मनात हाच हिशेब करतो. हा परत जाईल ना? न गेला तर याला नेणारं कुणी आहे ना?

तुम्ही एका दिवसासाठी येता, पण पाय मोडून महिनाभर रुग्णालयात पडलात तर? विमानं बंद पडली तर? कोविडच्या काळात हजारो प्रवासी परक्या शहरांत महिनोन्महिने अडकले होते. कुणी मुद्दामच परत गेला नाही, तर त्याला पकडून, चौकशी करून रवाना करायलाही वेळ जातो. या काळात पासपोर्टची मुदत संपली तर हमीपत्र रद्दी होतं. मग दूतावास, तात्पुरती कागदपत्रं आणि पत्रव्यवहार आला. सहा महिने ही त्या सगळ्या अडचणींसाठी धरलेली सूट आहे. लग्नात शंभर पानं धरली की आचारी दीडशेचा स्वयंपाक करतो, तसंच.

मुदत मोजतात ती त्या देशात शिरण्याच्या दिवसापासून. घरून निघण्याचा दिवस किंवा तिकीट काढल्याची तारीख इथे बघत नाहीत. एका सहलीत दोन देश असतील तर मोजणी दोनदा होते आणि पहिल्या देशात परत यायचं असेल तर तिसऱ्यांदाही. मावशींना जोहोरहून माघारी धाडलं तर वुडलँड्सला सिंगापूरचं काउंटर आहेच, आणि नवीन प्रवेशासाठी सहा महिन्यांचा नियम तिथेही आहे. म्हणून मुदत वर्षाच्या आत आली की पासपोर्टचं नूतनीकरण करून टाकावं, दिवस मोजत बसू नये.

आजोबा नेमकं काय विचारतात

मलेशियाचा मूळ इमिग्रेशन कायदा १९५९ चा, १९६३ साली सुधारलेला. त्याच्या आठव्या कलमात कुणाला आत घेऊ नये याची यादी आहे, आणि त्या यादीत सुरुवातीलाच येतो तो स्वतःचा खर्च भागवण्याचं साधन दाखवू न शकणारा माणूस. म्हणजे 'पैसे किती आणलेत' हा प्रश्न अधिकाऱ्याच्या खवचटपणातून आलेला नसतो, कायद्यातून आलेला असतो. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि कार्ड किंवा रोख रक्कम या तिन्ही गोष्टी एकाच संशयाची उत्तरं आहेत. हा माणूस पाहुणा म्हणून आला आहे की कामाला लागायला?

म्हणूनच उत्तरं लहान आणि कागदाशी जुळणारी असावीत. मुलाने फॉर्ममध्ये एका हॉटेलचं नाव भरलेलं असतं, वडील काउंटरवर दुसरंच सांगतात आणि आई म्हणते, "आम्हाला ग्रुपने नेलंय, आम्हाला माहीत नाही." कुणीच खोटं बोलत नसतं, पण आजोबांच्या भुवया वर जातात. सहलीचा कार्यक्रम छापून प्रत्येकाच्या हातात देणं हा यावरचा स्वस्त उपाय. सगळे कागद फक्त टूर लीडरच्या पिशवीत असले, आणि लीडर रांगेत पुढे निघून गेला, की काय होतं ते अनेकांनी अनुभवलेलं आहे.

अधिकाऱ्याचं समाधान झालं की तो जे देतो त्याचं नाव सोशल व्हिजिट पास. हाच खरा परवाना. फिरणं, नातेवाइकांना भेटणं, व्यवसायाच्या बैठकीला बसणं एवढं त्यात बसतं. पगाराचं काम बसत नाही. शिक्क्यात लिहिलेले दिवस तिथेच उभं राहून वाचावेत, कारण ३० ही कमाल मर्यादा आहे आणि किती द्यायचे हे अधिकारी ठरवतो. मुदत उलटून राहिल्यास कायद्यातली शिक्षा चांगलीच जड आहे. किमान दहा हजार रिंगिट दंड, पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

समाधान झालंच नाही तर शेरा पडतो 'नॉट टू लँड'. त्याचा अर्थ तुम्ही देशाच्या जमिनीवर उभे आहात, पण कायद्याच्या हिशेबी उतरलेलाच नाहीत. आलात त्याच वाटेने परत जायचं.

पंगतीची यादी

फॉर्मचा उल्लेख वर दोनदा आला. त्याचं नाव मलेशिया डिजिटल अरायव्हल कार्ड, सगळे एमडीएसी म्हणतात. जानेवारी २०२४ पासून तो सक्तीचा आहे. पूर्वी विमानात हवाई सुंदरी एक छापील कार्ड द्यायची आणि मग पेन कुणाकडे आहे याची शोधाशोध व्हायची, त्या कार्डाचाच हा नवा अवतार. नाव, पासपोर्ट क्रमांक, कधी येणार, कशाने येणार, कुठे राहणार, एवढंच त्यात असतं. भरायला पैसे लागत नाहीत, आणि तो भरला म्हणजे व्हिसाही मिळत नाही.

तो येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. महिनाभर आधीच उरकून टाकू म्हटलं तर चालत नाही, कारण महिन्याभरात तारीख, विमान, हॉटेल काहीही बदलतं. आचाऱ्याला पानांची संख्या आदल्या दिवशी कळवतात, साखरपुड्याच्या दिवशी नाही. यादी ताजी हवी, पण आगाऊही हवी. तुम्ही विमानात झोपलेले असताना तिकडचं यंत्र तुमचं नाव आपल्या याद्यांशी ताडून पाहतं, आणि काउंटरवरची दोन मिनिटं तशीच पुरतात.

हा फॉर्म आपण हाताने भरतो, तिथे खरी गोम आहे. पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानावर तळाशी दोन विचित्र ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, मध्ये बाणासारख्या खुणा. त्या यंत्राने वाचण्यासाठी आहेत, आणि त्यांत चुका पकडायचा एक सुरेख उपाय लपवलेला आहे. समजा मुदत संपण्याची तारीख १५ ऑगस्ट २०२७ आहे. ती ओळीत २७०८१५ अशी लिहितात. या आकड्यांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणायचं. १४, २१, ०, ५६, ३ आणि ५. बेरीज ९९. तिचा शेवटचा आकडा ९, तो तारखेच्या लगेच पुढे छापलेला असतो. वाचताना यंत्राने एक आकडा चुकवला किंवा दोन आकड्यांची अदलाबदल केली, तर बेरीज सहसा जुळत नाही आणि यंत्र लगेच थांबतं. तुमच्या पासपोर्टवर करून पाहा, दहा मिनिटं छान जातात.

आपण फॉर्ममध्ये टाइप करतो तेव्हा मात्र ही बेरीज करणारं कुणी नसतं. शून्याच्या जागी 'ओ' पडला, एक आकडा पुढेमागे झाला, तर फॉर्म निमूटपणे जमा होतो, फक्त तुमच्या पासपोर्टशी जोडला जात नाही. म्हणून एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून वाचायचं, ही आपली जुनी वहीवाचनाची पद्धत इथे कामाला येते.

चौकट : भारतीय पासपोर्टवर मलेशियाला निघताना

पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक हवी. लहान मुलाचाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो.

एमडीएसी पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावं. ते फुकट आहे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट एमवाय' असा संपतो. पैसे मागणारं पान समोर आलं तर ते बंद करावं.

परतीचं किंवा पुढचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय दाखवता यायला हवी.

मुक्काम जास्तीत जास्त ३० दिवस, नोकरीला परवानगी नाही. सवलतीची सध्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६.

सिंगापूरमार्गे परतायचं असेल तर सिंगापूरचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे का, ते आधी पाहावं.

मुंबईतच अडवलं तर

काही जणांना जोहोर किंवा क्वालालंपूर दिसतच नाही. मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच त्यांचा प्रवास थांबतो. तिथे बसलेली मुलगी विमान कंपनीची, मलेशिया सरकारची नाही. मग तिला काय अधिकार?

यामागे पैशांचं गणित आहे. ज्याला प्रवेश नाकारला जातो त्याला परत नेण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या विमान कंपनीवर येते, आणि वर दंडही बसू शकतो. एसटीच्या कंडक्टरला शेवटच्या थांब्यावरून प्रवाशाला पदरमोड करून परत आणावं लागलं असतं, तर त्याने चढतानाच तिकीट तपासलं असतं. विमान कंपन्यांकडे टिमॅटिक नावाचा नियमांचा साठा असतो. कुठल्या पासपोर्टला कुठे काय लागतं ते त्यात बघतात आणि मगच बोर्डिंग पास हातात देतात. तिथे वाद घालून उपयोग नसतो. तिच्यापुढचा पडदा जे सांगतो तेच ती सांगते. सिंगापूरने ३० जानेवारी २०२६ पासून एक पाऊल पुढे टाकलं. ज्याला आत घ्यायचं नाही त्याला विमानातच चढवू नका, असा आदेश तिथलं खातं कंपन्यांना देऊ लागलं आहे. ओसरी अशी सरकत सरकत प्रवाशाच्या गावापर्यंत आली.

परतीचा दरवाजा

या सहलीतला सर्वात महागडा घोटाळा मलेशियाच्या बाजूला होतच नाही. मलेशियाला व्हिसा लागत नाही, पण सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो. तो एकाच प्रवेशाचा असला आणि तुम्ही दुपारच्या जेवणापुरतं जोहोरला गेलात, तर तुम्ही सिंगापूर सोडलेलं असतं. दोन तासांसाठी की दोन वर्षांसाठी, याने फरक पडत नाही. संध्याकाळी परतताना हा नवा प्रवेश, आणि व्हिसा तर आधीच वापरून झालेला. सामान सिंगापूरच्या हॉटेलात, परतीचं विमान चांगीहून आणि माणसं जोहोरमध्ये. व्हिसावर 'मल्टिपल' हा शब्द आहे की नाही, ते घरीच पाहून घ्यावं. सिंगापूरचं स्वतःचं अरायव्हल कार्डही परतताना पुन्हा भरावं लागतं.

बसने जाणाऱ्यांसाठी एक लहान सूचना. नाक्यावर बस तुमच्यासाठी थांबत नाही. सगळं सामान घेऊन उतरायचं, सिंगापूरमधून बाहेर पडल्याची नोंद करायची, त्याच क्रमांकाच्या पुढच्या बसने कॉजवे ओलांडायचा आणि पुन्हा उतरून मलेशियाच्या रांगेत लागायचं. छत्री आणि खाऊची पिशवी सीटवर ठेवून उतरणारे आपलेच लोक असतात.

आगगाडीची तऱ्हा एके काळी याहून मजेदार होती. सिंगापूरच्या दक्षिण टोकाला तांजोंग पगार नावाचं स्थानक होतं, आणि ते मलेशियाच्या रेल्वेच्या ताब्यात होतं. १९९८ साली सिंगापूरने आपली तपासणी वुडलँड्सला हलवली, मलेशियाने आपली हलवली नाही. परिणामी उत्तरेकडे जाणारा प्रवासी आधी मलेशियात 'प्रवेश' करायचा, मग गाडीत बसून अख्खं सिंगापूर पार करायचा आणि वुडलँड्सला पोचल्यावर सिंगापूर 'सोडायचा'. ३० जून २०११ ला त्या स्थानकातून शेवटची गाडी सुटली आणि हा घोळ मिटला. आता वुडलँड्सहून जोहोरला पाच मिनिटांत पोचवणारी गाडी आहे आणि दोन्ही देशांची तपासणी चढण्याआधीच एका छताखाली होते.

एका देशात दुसरी ओसरी

मलेशियात शिरलात, शिक्का मिळाला, आता देशभर मोकळे, असं समजून काही जण पुढे बोर्निओ बेटावरच्या सारावाकला जायला निघतात. क्वालालंपूर ते कुचिंग हे विमान देशांतर्गत आहे. आपण मुंबईहून नागपूरला उतरतो तसं सरळ बॅग उचलून बाहेर पडता येईल अशी अपेक्षा असते. पण कुचिंगला उतरल्यावर समोर पुन्हा इमिग्रेशनची रांग असते, पुन्हा पासपोर्ट आणि पुन्हा शिक्का.

सबाह आणि सारावाक ही राज्यं १९६३ साली मलेशियात आली ती अटी घालून. आमच्या राज्यात कोण येतो यावर ताबा आमचा राहील, ही त्यांतली एक अट. ती आजही पाळली जाते, आणि फक्त परदेशी पाहुण्यांसाठी नाही. क्वालालंपूरला जन्मलेला, मलेशियाचाच नागरिक असलेला माणूस सारावाकला फिरायला आला तर त्यालाही तीन महिन्यांचीच मुभा मिळते. कुचिंगच्या रांगेत तो आपल्या पुढेच उभा असतो, हातात ओळखपत्र धरून, आणि काउंटरवरचा अधिकारी त्यालाही विचारू शकतो, किती दिवस राहणार?